वैजयंतीच्या खोलीची फरशी

"मग अण्णा, कोटा बसवू की लाकूड?"

अण्णा जिनगर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून वहाणा काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"असू द्या हो पायात," मुकुंद शिराळकर म्हणाला. "अजून नुसतं काँक्रीट आहे. पाय मळतील तुमचे."

"मळू देत की."

अण्णांनी वहाणा भिंतीशी जोडून ठेवल्या आणि अनवाणी तळघरात उतरले. मुकुंदच्या पायांत घरातल्या मऊ सपाता होत्या. त्या तशाच राहिल्या.

साताऱ्याला डोंगराच्या उतारावर मुकुंदचा बंगला आहे. बांधताना खाली गाडीसाठी तळघर काढलं होतं. पण उतार इतका अंगावर आला की गाडी एकदाही आत गेली नाही. मग तिथे खोकी गेली, मुलांच्या सायकली गेल्या, बिघडलेला फ्रीज गेला. आता ते सगळं भंगारात काढून तिथे चित्रशाळा व्हायची होती.

वैजयंतीची. मुकुंदच्या बायकोची.

मुकुंदची स्वतःची चित्रशाळा वेगळी होती. ती वर, गच्चीला लागून, उत्तरेच्या उजेडाची.

नवरा-बायको दोघंही अण्णांचे शिष्य. वाईला, बंद पडलेल्या तेलघाण्याच्या शेडमध्ये अण्णा नाटकाचे पडदे रंगवायचे. गावोगावच्या यात्रांतून नाटकं व्हायची, आणि त्यांना राजवाडा लागे, रस्ता लागे, तुरुंग लागे, जंगल लागे. मांजरपाटाचं कापड शिवून, त्याला खळ लावून ते जमिनीवर पसरायचं. मग उकिडवं बसून आभाळापासून सुरुवात करायची आणि रंगवत रंगवत मागे सरकत जमिनीकडे यायचं. पडद्यावर पाय ठेवायचा तो अनवाणी. एवढा एक नियम होता. बाकी कशालाच नियम नव्हता, मजुरीलासुद्धा नाही.

मुकुंद तिथे थोडे दिवस शिकला आणि मग मोठ्या शहरात कलामहाविद्यालयात गेला. तैलरंग, चित्र टेकवायचा लाकडी घोडा, उभं राहून काम. पुढे नाव झालं, मानमरातब झाला, एका महाविद्यालयाचा तो प्रमुखही झाला. वैजयंती मात्र लग्न होईपर्यंत अण्णांच्या शेडमध्येच होती. तिच्या हातात जे होतं ते मुकुंदच्या हातात नव्हतं. हे अण्णांना ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त मुकुंदला ठाऊक होतं.

लग्नाच्या मांडवात मुकुंदने चारचौघांसमोर विचारलं होतं, "अण्णा, दक्षिणा काय देऊ?"

अण्णा म्हणाले होते, "वैजूचा हात थांबू देऊ नको. एवढंच."

"शब्द दिला," मुकुंद म्हणाला होता. शब्द देण्यात तो कधीच मागे नव्हता.

नंतर जे होतं तेच झालं. पहिली जागा लहान होती. मग बदली झाली. मग मुलं झाली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग मुकुंदची प्रदर्शनं, प्रदर्शनांमागून घरी येणारी माणसं, आणि त्या माणसांना लागणारा चहा. वैजयंतीला कोणी रंगवू नकोस असं म्हटलं नाही. म्हणायची वेळच कोणावर आली नाही.

गेल्या वर्षी मुकुंद निवृत्त झाला. सत्कार झाला. त्याने वाईहून गाडी पाठवून अण्णांना आणवलं आणि भरल्या सभेत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. टाळ्या पडल्या. त्याला उठवताना अण्णांनी त्याच्या कानात विचारलं, "वैजूचा हात चालतुया न्हवं?"

"हो तर," मुकुंद म्हणाला. हातात पुष्पगुच्छ होता, समोर फोटोवाले होते. दुसरं काय म्हणणार?

पण माणूस अगदीच कोडगा नव्हता. ते "हो तर" त्याला खुपत राहिलं. पुढे काही महिन्यांतच त्याने तळघर रिकामं करायला घेतलं. खोटं बोललेलं खरं करून दाखवायचं तर खोली हवी. आणि खोली म्हटली की फरशी आलीच.

म्हणून आज पुन्हा वाईला गाडी गेली होती.

"बसा ना अण्णा. खुर्ची आणतो."

"नको. दाव काय दावायचं ते."

तळघराच्या मधोमध एक जुनं जाड कापड अंथरलेलं होतं आणि त्यावर फरश्यांचे नमुने ओळीने मांडले होते. मुकुंद त्या कापडावर उभा राहून एकेक नमुना उचलून दाखवू लागला. वर्गात शिकवून शिकवून त्याला तशी सवय लागली होती. समोर एकच माणूस असला तरी तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोले.

"हा कोटा. दणकट आहे, पण पायाला गार लागतो. हे लाकूड. दिसायला याच्यासारखं काही नाही. पण तळघर म्हटलं की ओल आली, आणि ओल आली की लाकूड फुगतं. हे विनाइल, लाकडासारखंच दिसतं आणि पाण्याला दाद देत नाही. आणि ही व्हिट्रिफाइड टाइल. हिच्यावर काय वाटेल ते सांडा. ओलं फडकं फिरवलं की साफ."

"काय सांडणार हाय?"

"रंग. आणखी काय?"

"कोण सांडणार हाय?"

मुकुंद हसला. "वैजू. अण्णा, तिचीच खोली आहे ही. सांगितलं ना तुम्हाला गाडीतून उतरल्या उतरल्या."

"मंग तिला इचार."

"विचारलं. ती म्हणते, तुम्हाला आवडेल ती."

"मंग तुला कंची आवडती?"

"डाग न धरणारी," मुकुंद लगेच म्हणाला. "वर बघितलीत ना? सगळा पांढरा संगमरवर. बंगला बांधल्यापासून एक डाग नाही. लोक येतात ते आधी जमिनीकडे बघतात, मग माझ्या चित्रांकडे."

"पुसतं कोण?"

"वैजूच. कामवालीच्या हातचं काही खरं नाही. काठीच्या पोच्याने रेघा उमटतात संगमरवरावर. खाली बसून हाताने पुसलं की कसं आरशासारखं होतं."

"हं…"

अण्णा त्याच्या बाजूला गेले. कापडावर पाय ठेवला आणि तिथेच थांबले. दुसरा पाय त्यांनी उचललाच नाही.

"हे काय आंथरलंस?"

"हे? जुनं कापड आहे हो. नमुन्यांना धूळ लागू नये म्हणून टाकलंय. घर रंगवायला माणसं येतात तेव्हा वर संगमरवरावर हेच पसरतो. जाड आहे. चुन्याचा थेंब खाली जात नाही."

अण्णांनी पायाचा अंगठा कापडावरून मागेपुढे फिरवला. वाळलेल्या खळीचा बारीक करकर आवाज आला.

मुकुंदला तो ऐकू आला नसावा. तो दिव्यांविषयी सांगत होता. दिवसासारखा उजेड देणारे दिवे बसवायचे होते. वर छताला लागून दोन झरोके होते, त्यांतून खरा उजेड फार येत नसे, पण हल्ली दिवे असे निघालेत की…

जिन्यावर पावलं वाजली.

वैजयंती चहा घेऊन येत होती. एका हातात ट्रे, दुसरा हात भिंतीला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची, थांबायची, मग पुढची पायरी.

"सावकाश, सावकाश. संध्याकाळपर्यंत ये," मुकुंद थट्टेने म्हणाला. मग अण्णांकडे वळून, "हिचं हे असंच. घाई म्हणून माहीत नाही. तुमच्याकडे शिकली ना, यात्रा तोंडावर आली तरी आभाळच रंगवत बसायची."

वैजयंती हसली. हसण्यासारखं होतं म्हणून नव्हे, चहा आणताना हसायचं असतं म्हणून.

ती कापडाच्या काठाशी येऊन थांबली. अण्णांच्या अनवाणी पायांकडे तिने पाहिलं. मग एका हातात ट्रे सांभाळत तिने आपल्या चपला काढल्या, पायानेच मागे सारल्या. पुढे मात्र आली नाही. काठावरूनच हात लांबवून तिने अण्णांना कप दिला.

अण्णांनी कप घेतला आणि खाली ठेवला. मग वाकून त्यांनी कापडाचं टोक उचललं.

कोट्याचा नमुना घसरून काँक्रीटवर आपटला.

"अहो अण्णा, सांभाळून…"

कापडाच्या खालच्या बाजूला झाडं होती. काळसर हिरवी, एकामागे एक, आणि त्यांच्यामधून आत जाणारी एक पायवाट. अण्णा टोक धरून कडेकडेने मागे सरकत गेले. आणखी झाडं निघाली. वर आभाळ, पहाट होण्याआधीचं असतं तसं. आणि मग खालची जमीन यायची तिथे नुसतं मांजरपाट. कोरं. त्यावर चुन्याचे, डिस्टेंपरचे थेंब झिरपून आलेले.

"जंगल," अण्णा म्हणाले.

ते वैजयंतीकडे वळले.

"लग्न झाल्यावर घेऊन गेलीस हा. तिकडं पुरा करून धाडते म्हणालीस."

"हो."

"त्या वर्षाच्या यात्रंत जंगल नव्हतंच. राम-शीता मोकळ्या भिंतीम्होरं वनवासाला गेले. लोक हासले."

"मला कळलं होतं, अण्णा."

मुकुंद त्या पडद्याकडे बघत राहिला. त्याला चित्र कळत होतं, हीच त्याची अडचण होती. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची चित्रं तपासली होती, गुण दिले होते, परीक्षक म्हणून ठिकठिकाणी गेला होता. समोर जे होतं ते काय आहे हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात थोडा जुना मत्सरही होता.

"तू बोलायचं नाहीस का?" तो बायकोला म्हणाला. "मला काय माहीत? माळ्यावर घडी घालून ठेवलेलं होतं. मला वाटलं नुसतं कापड."

"मीच काढून दिलं होतं," वैजयंती म्हणाली. "पहिल्यांदा रंगवायला माणसं आली तेव्हा. तुम्हाला संगमरवराची काळजी होती. कापड चांगलं होतं, नुसतं पडून कशाला राहायचं."

"अगं पण…"

तो एक पाऊल मागे सरला. मागेही पडदाच होता.

वर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, वैजयंतीने सवयीने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग मुकुंद सावरला. सावरण्यातही तो तरबेज होता.

"झालं ते झालं, अण्णा. उलट बरंच झालं. हाच पडदा ती इथे पुरा करेल. मी तो साफ करून घेतो, ओळखीचा माणूस आहे, जुनी चित्रं दुरुस्त करतो. या खोलीची सुरुवातच या जंगलाने होऊ दे." बोलता बोलता त्याचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "अण्णा, उशीर झाला, मी नाही म्हणत नाही. पण मी विसरलो नव्हतो. मांडवात शब्द दिला होता. तुमची दक्षिणा आहे ही खोली. एवढी फरशी बसली की काम पुरं. मग तुम्ही एकदा म्हणा, फिटली म्हणून. मला तेवढं ऐकायचंय."

त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. खोटेपणाने नव्हे. आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं वाटलं की त्याचे डोळे भरत.

अण्णांनी पडद्याचं टोक हळूच खाली सोडलं.

मग ते पडद्याच्या बाहेर, काँक्रीटवर, खाली बसले. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण कुठे हात टेकला नाही की हुं केलं नाही. उकिडवे बसले, मग मांडी घातली. आयुष्यभर जमिनीवर काम केलेल्या माणसाचं शरीर ते.

"बस गं वैजू."

"अहो, खुर्ची आणतो ना," मुकुंद म्हणाला.

"खुर्ची नको. हितं, माज्यासमोर. शेडात बसायची तशी."

वैजयंती अण्णांकडे बघत नव्हती. ती मुकुंदकडे बघत होती.

"राहू दे, अण्णा," ती म्हणाली. "कुकर लावलाय वर."

"कुकर हुईल बंद. बस."

"बस ना," मुकुंद म्हणाला. "अण्णा एवढं म्हणताहेत. दोन मिनिटं बस. मीही बघतो, किती जागा लागेल तुला."

वैजयंतीने हातातला ट्रे खाली ठेवायला जागा शोधली आणि शेवटी मुकुंदच्या हातात दिला. मग भिंतीपाशी गेली. भिंतीला तळवा लावला. गुडघे थोडे वाकवले. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची तिची खूप वर्षांची सवय होती, तरी ओठ आत ओढले गेले.

ती अर्ध्यावर थांबली. ना खाली, ना वर.

"न्हाई होत, अण्णा," ती म्हणाली.

इतका वेळ ती साताऱ्याच्या बंगल्यातलं बोलत होती. हे वाईतलं निघालं.

अण्णा उठले, तिला काखेत हात घालून सरळ उभं केलं.

"कवापास्नं?"

"झाली चार-पाच वर्षं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे गेलेत. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही."

मुकुंद ट्रे धरून तिच्याकडे वळला.

"कोणते डॉक्टर? मला कधी बोलली नाहीस."

"शेजारच्या काकूंबरोबर गेले होते. तुमचं तेव्हा दिल्लीचं प्रदर्शन होतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "नंतर देवघर उचलून ओट्यावर घेऊया म्हटलं, तेव्हा सांगणार होते."

"ते तू वास्तूसाठी म्हणालीस."

"वास्तूचं तुम्ही म्हणालात. मी बरं म्हटलं."

"आणि गौरीच्या जेवणाला पाट काढून टेबल…"

"टेबल छान दिसतं असं पाहुणे म्हणाले. मग तो विषय तिथेच राहिला."

"पण फरशी…" मुकुंद म्हणाला. "वरची फरशी तू अजून पुसतेस. परवाच पुसलीस."

"चौरंगावर बसून पुसते. सरकत सरकत. तुम्ही वर चित्रशाळेत गेलात की."

मुकुंदने ट्रे कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. ठेवायला फक्त पडदा होता. तो ट्रे धरून उभा राहिला.

तो म्हणाला, "मग टेबल करून घेऊ. मोठं. भिंतीपासून भिंतीपर्यंत. तुझ्या कमरेइतकं उंच. उभ्याने रंगवता येईल. मी नाही का उभ्यानेच करत? त्यात काय एवढं?"

"मला उभ्याने येत नाही."

"शिकशील. मी शिकवतो."

वैजयंतीने खाली पडद्याकडे बोट केलं.

"अहो, मी आत बसून रंगवायची," ती म्हणाली. "वरून बघून नाही. झाडाजवळ बसलं की झाड यायचं. मागं सरकलं की वाट यायची. आता मला तेही नीट आठवत नाही. स्वप्नात येतं कधी, पण स्वप्नातही माझ्या हातात फडकंच असतं."

हे ती पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होती, आणि सांगून झाल्यावर तिला लाज वाटली. तिने पदर सारखा केला.

"तू हे आधी का नाही सांगितलंस?" मुकुंदचा आवाज आता खाली आला होता. "मी सहा महिने हे सगळं करतोय. दिवे, झरोके, नमुने. तू बघत होतीस."

"तुम्ही खुशीत होतात." ती म्हणाली. "आणि मला वाटलं होतं, फरशी ठरायला अजून वेळ लागेल."

पुन्हा शिट्टी झाली.

अण्णा पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा दिसत होता, पण तो राग मुकुंदवर नव्हता. निदान सगळा नव्हता.

"चुकलं माजंच," ते म्हणाले.

"तुमचं काय चुकलं, अण्णा?"

"हात तुजा. आन मी मागितला त्याच्याकडं. तू बाजूलाच हुतीस, मुंडावळ्या बांधून. तुला इचारलंच न्हाई."

वैजयंतीने थोडा विचार केला.

"विचारलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "तेव्हा मी सगळ्यांनाच हो म्हणत होते. आणि झालं असतं हेच."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. शेडमध्ये कोणाचा रंग फाटला, कोणाची रेघ वाकली, तर त्यांच्याकडे नेहमी काहीतरी उपाय असायचा. ओला हात फिरव, खळ लाव, उद्या बघू. आज तसला एकही उपाय नव्हता.

शेवटी त्यांनी चहाचा कप उचलला, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप मुकुंदच्या ट्रेमध्ये ठेवला.

"चल," ते वैजयंतीला म्हणाले. "कुकर जळंल."

जिन्याशी येऊन अण्णांनी वहाणा पायांत घातल्या. पडद्याच्या काठाशी राहिलेल्या वैजयंतीच्या चपला त्यांनीच येताना उचलून आणल्या होत्या, त्या वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या. ती "अण्णा, अहो…" म्हणत मागे झाली, पण मागे भिंत होती. तिने चपला घातल्या. अण्णांनी हात पुढे केला. तिने तो धरला, दुसरा हात भिंतीला लावला आणि दोघं चढू लागले. एका पायरीवर दोन्ही पाय, मग थांबायचं, मग पुढची पायरी. अण्णाही तिच्यासारखेच चढत होते, त्यांना तसं चढायची गरज नसताना.

मुकुंद खालीच राहिला. हातात ट्रे, भोवती नमुने. कोट्याचा तुकडा काँक्रीटवर पालथा पडला होता, त्याचा एक कोपरा उडाला होता. मुकुंदने तो पायाने सरळ करायचा प्रयत्न केला. झाला नाही.

त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं. दक्षिणेचं विचारायचं होतं. आता काय करू, असं विचारायचं होतं. बायकोची क्षमा मागावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं असेल, नाही असं नाही. पण ती जिन्यावर पाठमोरी होती, आणि पाठमोऱ्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला कधी सुचलं नव्हतं. माणूस गोंधळला की हातात जे असतं तेच घट्ट धरतो. मुकुंदच्या हातात सहा महिने फरशीच होती.

"अण्णा…"

अण्णा वरच्या पायरीवर थांबले.

"उद्या सकाळी फरशीवाला येणार आहे. त्याला काय सांगू? कोणती बसवू?"

अण्णांनी वळून खाली पाहिलं. मुकुंद पडद्याच्या मधोमध उभा होता. पायांत सपाता होत्या.

"तुला आवडंल ती बसव," अण्णा म्हणाले. "चालायचं तुलाच हाय."